न दुखणारं दुखणं

(वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईंनी मला सातवी ते दहावी मराठी शिकवलं. पुढे मी डॉक्टर झाले, याच तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला आणि अडतीस वर्षं तो चालवतेय. बाई अधूनमधून यायच्या, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन. आल्या की आधी भिंतीवरच्या पाट्या वाचायच्या. ‘फी आगाऊ द्यावी’ ही पाटी त्यांनीच काढायला लावली. म्हणाल्या, “यात आगाऊ कोण, फी की पेशंट?”

तेव्हा त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर वैद्यकावर बोलायचं झालं तरी सुरुवात शब्दापासून करणं मला भाग आहे. शब्द साधाच आहे : दुखणं. मराठीत आपण आजाराला दुखणं म्हणतो. मोठं दुखणं, जुनं दुखणं, दुखणंखुपणं, दुखणाईत माणूस. मूळ क्रियापद वेदनेचं, त्याचं नाम झालं आणि नामाचा अर्थ थेट आजार असा झाला. एवढ्यावर भागलं असतं तर बिघडलं नसतं. पण शब्द उलटाही चालतो. जे दुखतं तो आजार, म्हणजे जे दुखत नाही तो आजार नाही, असं आपण नकळत धरून चालतो. मी पेशंटला विचारते, “काय होतंय?” त्याला ऐकू येतं, “काय दुखतंय?” मग तो म्हणतो, “दुखत तसं काही नाही, पण…” त्या ‘पण’च्या पुढे जे असतं ते ऐकायला मी फार उशिरा शिकले.

नखुरडं झालेला माणूस रात्रभर जागतो आणि पहाटे माझं दार वाजवतो. हृदयाची रक्तवाहिनी बंद होत असलेला माणूस मात्र ढेकर यायची वाट बघत आरामखुर्चीत बसून राहतो. अडतीस वर्षांत माझ्या ओळखीची जी माणसं वेळेआधी गेली, त्यांतली कितीतरी दुखत नव्हतं म्हणून उशिरा आली. आज मला बोलायचंय ते याच न दुखणाऱ्या दुखण्यांबद्दल.

विंचवापासून सुरुवात करते. विंचू म्हणजे वेदनेची परमावधी, अशी आपली समजूत. एकनाथांचं भारूड आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण आपल्याकडच्या लाल विंचवाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती जगाला समजली ती रायगड जिल्ह्यातल्या एका डॉक्टरमुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली माणसं येत. पुष्कळदा मुलं, भातशेतीत, गवताच्या भाऱ्यात, कौलं काढताना चावलेली. त्यांतली काही बघता बघता दगावत. छातीत पाणी भरायचं, तोंडाला गुलाबी फेस यायचा, आणि संपायचं. तेव्हाच्या पुस्तकांत यावर धड उपाय नव्हता. बावस्करांनी काय केलं, तर ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, सगळं लिहून काढलं.

त्या वह्यांतून जे निघालं ते विलक्षण होतं. ज्याला चावल्या जागी असह्य आग होतेय, जो हात झाडत किंचाळतोय, तो सहसा वाचतो. घोर पडतो तो दुसऱ्याचाच. त्याला दुखणं त्या मानाने कमी असतं. एकदोनदा ओकारी होते. अंगाला दरदरून घाम सुटतो, तोंडात लाळ जमते, आणि हातपाय गार पडायला लागतात. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंगाला ताठरपणा येतो. हे मी मुद्दाम स्पष्ट बोलतेय, कारण हीच खूण आई लाजून सांगत नाही आणि बाप चेष्टेवारी नेतो. धोक्याच्या या पूर्वखुणांवरचा बावस्करांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नाथांच्या भारुडात घामाचा उल्लेख आहे, हे मला नंतर बाईंनी दाखवून दिलं. चारशे वर्षं आपण ते गातोय आणि आपलं सगळं लक्ष कळांकडे.

आत काय घडतं ते दोन वाक्यांत सांगते. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध हृदयाला रक्त ढकलावं लागतं, ते दमतं, आणि फुप्फुसात पाणी साचतं. हे एकदा लक्षात आल्यावर उपाय सुचला तो रक्तवाहिन्या सैल करणारा. प्राझोसिन ही रक्तदाबाची तोंडाने घ्यायची साधी गोळी. तिच्यावरचा लेख १९८६ सालचा. आधी गंभीर रुग्णांतले शंभराला तीस-चाळीस जात, ते प्रमाण पुढे एकदोनवर आलं. नंतर विंचवावरची लसही आली, आणि ती प्राझोसिनच्या जोडीने दिली तर रुग्ण लवकर सावरतो हेही बावस्करांनीच महाडमध्ये दाखवलं. पण गोळी वेळेत पोटात जायला हवी, आणि त्यासाठी गार पडलेला हात कुणीतरी हातात घेऊन बघायला हवा. जिथे डंख आहे तो हात नव्हे, दुसरा.

हे सगळं माहीत असूनही मी स्वतः कशी फसले ते सांगते, नाहीतर डॉक्टर लोक व्यासपीठावर आले की सगळ्या चुका पेशंटच्या असतात.

भुईमूग काढणीचे दिवस होते. सकाळी सहाला एक आई एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. रात्री भजी खाल्ली होती, पहाटे चारपासून पोटात कळ आणि दोन उलट्या. पडवीत जमिनीवर झोपला होता. आईने ओवा-मीठ देऊन झालं होतं. मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. इंजेक्शन दिलं आणि बाहेरच्या बाकावर पडून राहायला सांगितलं. अर्ध्या तासाने आई आत डोकावली. “बरं वाटतंय वाटतं त्याला, झोप लागतेय.” मी सहज बाहेर गेले. मुलगा उठून बसला, आणि माझ्याकडे बघायला त्याने मान मागे टाकली. हनुवटी वर. मला वाटलं, हा असा का बघतोय, आभाळात घार शोधल्यासारखा? मग कळलं. त्याच्या पापण्या उचलत नव्हत्या. पापण्यांच्या खालच्या फटीतून मी दिसावी म्हणून तो मान मागे टाकत होता. पाण्याचा घोट दिला तर तो ओठाच्या कडेने गळाला.

मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, चावते, आणि चावल्याचं कळतही नाही. दात इतके बारीक की खूण सापडत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे दुखतं ते पोट. विष मज्जातंतूंच्या टोकांवर काम करतं, स्नायूंपर्यंत निरोप पोचेनासा होतो. आधी पापण्या, मग गिळणं, मग बोलणं, आणि शेवटी श्वास. समोरच्या ग्रामीण रुग्णालयात त्याला प्रतिसर्पविष सुरू झालं, पण एकदा टोकं निकामी झाली की लस ती लगेच दुरुस्त करत नाही. मधल्या काळात श्वास दुसऱ्याने द्यावा लागतो. जिल्ह्याच्या गावापर्यंत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये माझा कंपाउंडर आणि मुलाचा मामा आळीपाळीने हाताने फुगा दाबत गेले. पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता आणि मग आपल्या पायांनी घरी आला. चावल्याची जागा शेवटपर्यंत सापडली नाही. माझी ती अर्ध्या तासाची झोप मात्र मला अजून आठवते. बाकावर तो निजला होता, झोपले होते मी.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली किती मण्यारीची, कुणी मोजणार? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं तर ओव्याच्या डब्याकडे जाण्याआधी त्याच्या पापण्या बघा. आणि झोपताना मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. ती डासांइतकीच मण्यारीलाही अडवते.

आता गावातून बाजारपेठेत येऊ. आडत दुकान असलेले एक गृहस्थ, साठीचे, पंधरा वर्षांचा मधुमेह. रात्री दहाच्या सुमारास त्यांना घाम सुटला. दुखत काहीच नव्हतं. जरा दम लागल्यासारखं, जरा मळमळ. पत्नीने बनियन बदललं. अकराला पुन्हा बदललं. मुलाला पुण्याला फोन लावला, तो म्हणाला, “गॅस असेल, लिंबू-सोडा द्या.” मोठे दीर वरच्या मजल्यावर राहायचे. ते खाली आले, म्हणाले, “आता एवढ्या रात्री कुठे त्रास द्यायचा डॉक्टरांना, बघू सकाळी.” सकाळी सहाला ते गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा कार्डिओग्राम काढायचीही फारशी गरज नव्हती, चेहऱ्यावरच सगळं होतं. ते वाचले, पण हृदयाचा मोठा भाग गेला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून गल्ल्यावर बसणं पुढे त्यांना जमलं नाही.

वर्षानुवर्षांच्या साखरेने मज्जातंतू बोथट होतात. म्हणून मधुमेही माणसाच्या पायात खिळा घुसला तरी त्याला संध्याकाळी मोजा काढल्यावर कळतं, आणि हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येतेच असं नाही. त्याला होतो तो गार घाम, धाप, अचानक आलेला गळाठा. विंचवाचा घाम आणि हा घाम दिसायला सारखेच. अंगावर काटा येईल असा हा योगायोग, पण मला तो फार उपयोगी पडलाय. कष्ट नाहीत, उकाडा नाही, ताप उतरलेला नाही, आणि तरी कपाळ गार आणि ओलं. असा घाम मला कुणी फोनवर सांगितला की मी पुढचा प्रश्न विचारत नाही, निघा म्हणते. जवळ जिथे कार्डिओग्राम निघतो तिथे जा, आणि पहिला नीट आला तरी हट्टाने अर्ध्या तासाने दुसरा काढून घ्या.

२००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतातल्या ८९ रुग्णालयांमधल्या २०,४६८ हृदयरुग्णांचा अभ्यास आला. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचायला लागलेला मध्यक वेळ होता ३६० मिनिटं. रुग्णालयात पोचल्यावर गुठळी विरघळवायचं औषध सुरू व्हायला लागली ५० मिनिटं. आपण रुग्णालयांना शिव्या घालतो, बहुतेकदा योग्यच घालतो. पण या सहा तासांत रस्ता, रिक्षा, पैशाची जमवाजमव हे सगळं धरूनही एक मोठा तुकडा उरतो, तो घरातल्या ‘बघू सकाळी’चा.

त्या रात्री त्या घरात सगळ्यात आधी कुणाला कळलं होतं? पत्नीला. दोन बनियनं पिळून वाळत घालणाऱ्या बाईला अजून कसलं लक्षण हवं? ती मला नंतर म्हणाली, “मला दहालाच वाटलं होतं, पण मी काय सांगणार.” आरोग्यशिक्षण म्हणून आपण जी पत्रकं वाटतो, त्यांत लक्षणांची यादी असते. त्या बाईंना यादी तोंडपाठ असती तरी ते गृहस्थ सकाळीच आले असते. लक्षण ओळखणारं माणूस एक आणि ‘चला’ म्हणायचा अधिकार असलेलं दुसरं, ही आपल्या घरांची रचना आहे. पुण्यातला मुलगा, वरचे दीर, कधी शेजारचे निवृत्त साहेब. ज्यांनी घाम पाहिलेला नसतो तेच निर्णय घेतात.

अर्धांगवायूचंही असंच. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते तेव्हा बहुधा काही दुखत नाही. हसताना ओठ एका बाजूला ओढला जातो, हातातला कप कलतो, बोलताना जीभ जड होते. ‘वारं गेलं’ म्हणतो आपण, आणि वारं आलं तसं जाईल म्हणून अंग चोळत बसतो. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि रुग्णालयात पहिला प्रश्न विचारतात तो असा, “यांना शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं होतं?” सकाळी उठले तेव्हा तोंड वाकडं होतं असं तुम्ही सांगितलंत की घड्याळ रात्रीपासून मोजतात. म्हणून शेवटचं बोलणं किती वाजता झालं ते ध्यानात ठेवा.

काही आजारांत तर न दुखणं हेच लक्षण. शाळेत आरोग्य तपासणीला माणसं यायची, पाठ उघडी करायला लावायची आणि कापसाचं टोक फिरवून विचारायची, “लागलं?” आम्ही गुदगुल्या झाल्यासारख्या हसायचो. कुष्ठरोगाचा फिकट चट्टा खाजत नाही, दुखत नाही, उलट तिथे कापूस लागल्याचं कळत नाही. लवकर सापडला तर सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि विषय संपला. उशीर झाला तर बोटं जातात.

आता बायकांकडे वळते. इथे मला बाईंचा एक तास आठवतो. त्यांनी फळ्यावर ‘अंग’ लिहिलं आणि वाक्प्रचार मागितले. कामं अंगावर पडतात, कर्ज अंगावर येतं, मूल अंगावर पितं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “दुखणं अंगावर काढतात.” बाई थांबल्या. “कोण काढतं?” वर्गात एका मुलीने सांगितलं, “आई.” बाईंनी पुढचं काही न बोलता ते फळ्यावर लिहिलं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या १०० पैकी ८. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट जड वाटतं, हे दुखणं आहे असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाईच्या जातीला चालायचंच, एवढंच ऐकलेलं. माझ्या दवाखान्यात पाळी गेल्यावर तीन वर्षांनी पुन्हा लाल दिसलं म्हणून कौतुकाने सांगणारी बाई मी पाहिली आहे, तारुण्य परत आलं म्हणून सासू हसत होती. पाळी बंद झाल्यावर लाल दिसलं की तिथल्या तिथे दाखवायला हवं. पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याने घटले. ज्या बायकांना काहीही होत नव्हतं, त्यांच्यातले.

गडचिरोलीचंच आणखी सांगायचंय, कारण न दुखणाऱ्या दुखण्याची परिसीमा तिथे आहे. नवजात बाळ. त्याला काय दुखतंय हे ते सांगत नाही, रडतं एवढंच. आणि खरं आजारी पडलं की रडणंही थांबतं. बाळंतिणीच्या खोलीत शेजारणी येतात, म्हणतात, “किती गुणी गं बाळ, आवाज नाही.” आई म्हणते, “काल रात्रीपासून ओढत नाहीये पण.” हा ‘पण’ पुन्हा आला बघा.

बंग दांपत्याने तिथे आधी न्यूमोनियाचं काम केलं. मुलाला न्यूमोनिया आहे का हे ठरवायला एक्स-रे लागत नाही, श्वास मोजले तरी पुरतं, हे पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन या बालरोगतज्ज्ञाने दाखवलं होतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त. पण गावच्या सुईणीला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तर? मग त्यांनी मण्यांचं एक साधन केलं, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. हिरवे, हिरवे, हिरवे, आणि शेवटी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला की न्यूमोनिया. मला हे साधन फार आवडतं. पाटीवरच्या मण्यांसारखं ते दिसतं, आणि ज्या बाईला उभ्या गावाने अडाणी म्हटलं तिच्या हातात ते निर्णय देतं. तिने वरच्या मजल्यावरच्या दिरांना विचारायचं नाही. लाल म्हणजे लाल.

मग नवजात बाळांसाठीही तसंच. बाळाचं ओढणं कमी झालं किंवा थांबलं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागतं, उलट्या किंवा पोट फुगणं, छाती आत ओढली जाते, नाळेत पू. सातांपैकी कुठल्याही दोन खुणा एकत्र दिसल्या की जंतुसंसर्ग समजून उपचार. गावातल्याच आरोग्यदूत बायका जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकल्या. ३९ गावांत हे झालं, ४७ गावांशी तुलना केली, आणि १९९९ सालच्या निष्कर्षात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. पुढे आपल्या आशा ताई घरोघर बाळं बघायला जाऊ लागल्या, त्यामागे हे काम आहे. आणि त्या सात खुणा पुन्हा ऐका. ओढणं, रडणं, गार लागणं. पहिल्यांदा कळतात त्या आईलाच. डॉक्टरला नाही.

श्रोत्यांपैकी कुणाच्या मनात आलं असेल, की बाई, तुम्ही सांगताय तसं प्रत्येक घामाला, प्रत्येक ढेकरेला आम्ही धावलो तर घर विकावं लागेल. खरं आहे. खासगी रुग्णालयाच्या दारातून आत गेलेला माणूस काय बिल घेऊन बाहेर येईल याची भीती हेही ‘बघू सकाळी’चं एक कारण आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुसरीकडे, वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजं करून येणारी मंडळीही मला भेटतात. तीस पानांची फाइल, त्यात एका आकड्याखाली लाल रेघ, आणि त्या रेघेपायी तीन महिने झोप नाही. मला ते दोन्ही नको आहे. मी सांगतेय त्या खुणा मोजक्या आहेत आणि त्या बघायला पैसे लागत नाहीत. कपाळावर हात ठेवायचा, पापण्या बघायच्या, बाळ ओढतंय का ते बघायचं. आणि ज्याने बघितलं त्याचं म्हणणं घराने ऐकायचं. रात्री अ‍ॅम्ब्युलन्स हवी तर १०८ फिरवा, त्याला पैसे पडत नाहीत.

आमच्या बाजूनेही कबुली द्यायला हवी. तुम्ही बोलायला लागता आणि दीड मिनिटात आमचं पेन चालू होतं. दुखतं कुठे, किती दिवस, हे घ्या. ‘पण’ ऐकायला वेळ नसतो. बाहेर बावीस माणसं बसलेली असतात.

आता बाईंचं सांगते, त्यांच्या घरच्यांना विचारून.

एका गुरुवारी बाई त्यांच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना घेऊन आल्या. त्यांच्या खोकल्याचं बघून झालं, थुंकी तपासायची चिठ्ठी दिली, दोघी उठल्या. माझ्या दवाखान्यात चपला दाराबाहेर काढतात. बाई उंबऱ्याशी भिंतीला हात टेकून एका पायावर उभ्या, चपलेचा पट्टा लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “तुला एक दाखवायचं होतं, पण राहू दे, पुढच्या वेळी. दुखत नाहीये.”

मी त्यांना आत घेतलं. डाव्या स्तनात गाठ होती, आवळ्याएवढी, घट्ट, खाली चिकटलेली. चौदा महिने होती. रोज आंघोळ करताना त्यांच्या हाताला लागत होती. ज्या बाईंनी फळ्यावर ‘दुखणं अंगावर काढणं’ लिहिलं होतं, त्या म्हणाल्या, “दुखलं असतं तर आलेच असते गं.”

मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षं एक अभ्यास केला. वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायका, आणि तपासणाऱ्या कोण, तर थोडंफार शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. मशीन नाही, फक्त हाताने स्तनतपासणी, दोन वर्षांतून एकदा. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. हे निष्कर्ष २०२१ साली आले. बाई त्याच्या पुष्कळ आधी गेल्या. शस्त्रक्रिया झाली, किमो झाली, त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने त्या होत्या. शेवटच्या महिन्यांत खूप दुखायचं. तेव्हा मात्र त्या मला दिवसातून दोनदा फोन करायच्या आणि कुठे, किती, कसं, हे इतक्या नेमक्या शब्दांत सांगायच्या की मी लिहून घ्यायचे.

दवाखान्यात उंबऱ्याशी मी एक लाकडी स्टूल ठेवलंय, बसून चपला घालायला. पेशंट उठला की मी पेन खाली ठेवते आणि त्याचे दोन्ही पट्टे लावून होईपर्यंत पुढच्याला आत बोलवत नाही.